विश्लेषण : हेकेखोर आर्ची बंकर अमेरिकेला आपलासा का वाटला? कोण होते कॅरोल ओ’कॉनर?

वंशद्वेष, समलैंगिकता, व्हिएतनाम युद्ध, रजोनिवृत्ती असे विषय घराच्या दिवाणखान्यात आणणारी ‘ऑल इन द फॅमिली’ ही अमेरिकी विनोदी मालिका १२ जानेवारी १९७१ रोजी सुरू झाली. तिच्या केंद्रस्थानी असलेला आर्ची बंकर कृष्णवर्णीय, ज्यू, स्थलांतरित, स्त्रिया अशा सर्वांविषयी बेधडक वाईट बोलत असे. ही भूमिका साकारणारे कॅरोल ओ’कॉनर मात्र उदारमतवादी होते. आर्चीची खिल्ली उडावी हा मालिकेचा हेतू होता. अनेक प्रेक्षकांनी त्यालाच डोक्यावर घेतले.

ओ’कॉनर यांची जडणघडण कशी झाली?

२ ऑगस्ट १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले ओ’कॉनर शहराच्या क्वीन्स भागात वाढले. आर्चीचे घरही याच भागात दाखवण्यात आले. आर्ची मात्र गोदीवरचा मुकादम, तर ओ’कॉनर यांचे वडील वकील आणि आई शिक्षिका. दुसऱ्या महायुद्धात ओ’कॉनर यांनी व्यापारी जहाजांवर काम केले. पुढे मोंटाना आणि डब्लिन येथे शिक्षण घेतले, डब्लिनमध्ये रंगभूमीवर कामही केले. न्यूयॉर्कला परतल्यावर काही काळ शाळेत बदली शिक्षकाची नोकरी करावी लागली. साठच्या दशकात ‘क्लिओपात्रा’सह अनेक चित्रपटांत त्यांना दुय्यम भूमिका मिळत गेल्या.

भूमिका कशी मिळाली?

निर्माते नॉर्मन लिअर यांनी ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या ब्रिटिश मालिकेवरून अमेरिकी मालिका बेतली. त्या वेळी ओ’कॉनर इटलीत राहत होते. ही मालिका चालणार नाही याची त्यांना इतकी खात्री होती, की त्यांनी परतीचे विमान तिकीट आधीच मागून घेतले. अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. एबीसी वाहिनीने १९६८ आणि १९६९ मध्ये चित्रित केलेले दोन्ही नमुना भाग नाकारले. अखेर सीबीएसने मालिका घेतली, तीही पहिल्या भागाआधी प्रेक्षकांना सावध करणारी सूचना दाखवून. त्यानंतर सलग पाच हंगाम ती प्रेक्षकसंख्येत अव्वल राहिली.

आर्ची आवडता का ठरला?

ओ’कॉनर यांनी आर्चीला खलनायक केले नाही. बदलत्या काळाला घाबरलेला, पैशांची ओढाताण सोसणारा बाप त्यांनी उभा केला. संहितेवरून त्यांचे लिअर यांच्याशी सतत खटके उडत. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एक स्त्री बाळंत होते, हा १९७२ मधील भाग करायला त्यांनी आधी साफ नकार दिला होता. प्रत्यक्षात बाळाच्या जन्माच्या क्षणी आर्चीच्या चेहऱ्यावर उमटणारी कोवळीक हीच त्या भागाची ताकद ठरली.

याच माणुसकीची दुसरी बाजू १९७४ मध्ये समोर आली. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, मालिका दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना विनोदी वाटत होती. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक होते, त्यांना वादात आर्चीच बरोबर वाटत होता. उपहासातून प्रेक्षक काय उचलतात, हे त्यांच्या आधीच्या मतांवर ठरते, असा त्याचा अर्थ.

मालिका संपल्यानंतर काय?

१९७९ मध्ये मालिका संपली. तिच्या पुढच्या ‘आर्ची बंकर्स प्लेस’ या मालिकेत ओ’कॉनर १९८३ पर्यंत आर्चीच साकारत राहिले. आर्चीच्या भूमिकेसाठी त्यांना चार एमी पुरस्कार मिळाले. आर्ची आणि एडिथ यांच्या खुर्च्या १९७८ पासून स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहेत. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये त्यांनी दक्षिणेतील एका गावाचा पोलीसप्रमुख साकारला आणि पाचवा एमी मिळवला. वंशभेद हा विषय तिथेही होता.

पडद्याबाहेरचा लढा कोणता?

या मालिकेत त्यांच्यासोबत काम करणारे त्यांचे पुत्र ह्यू यांनी व्यसनाशी झगडताना १९९५ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी आत्महत्या केली. ओ’कॉनर यांनी दुःख घरात ठेवले नाही. ह्यू यांना अमली पदार्थ पुरवणाऱ्याचे नाव त्यांनी जाहीरपणे घेतले. त्या व्यक्तीने दाखल केलेल्या बदनामीच्या खटल्यात १९९७ मध्ये ज्यूरीने ओ’कॉनर यांच्या बाजूने कौल दिला. त्यांनी पाठपुरावा केलेल्या कॅलिफोर्नियातील कायद्यामुळे, व्यसनी व्यक्तीच्या कुटुंबाला अमली पदार्थ विकणाऱ्याकडून उपचार व पुनर्वसनाच्या खर्चाची भरपाई मागता येते.

२१ जून २००१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. आर्चीवर हसावे की त्याच्यासोबत, हा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही. मुलासाठीच्या त्यांच्या लढ्याबाबत मात्र असा संभ्रम राहिला नाही.