अबुल कासिम अज-जहरावी : कुर्तुब्याचे शल्यवैद्य

वाचकहो, अंदलुसच्या वैद्यकाचा विषय निघाला की अबुल कासिम अज-जहरावी यांच्या सुमारे २०० हत्यारांचे कौतुक आपल्या कानी येते. ती आकृत्यांसह त्यांच्या ग्रंथात आहेतच. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी रुग्णांचे मृत्यूही लिहून ठेवले आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज-जहरा या राजनगरीत इ.स. ९३६ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. जहरावी हे नाव त्या नगरीवरूनच पडले. इ.स. १००० च्या सुमारास त्यांनी ‘अत-तसरीफ’ हा ३० भागांचा ग्रंथ पुरा केला. त्याचा अखेरचा भाग शल्यक्रियेचा आहे. तिबची विद्या न शिकता उपचार करणाऱ्यावर हानीची जबाबदारी येते, हा फिकहचा नियम आपण जाणता. हा भाग वाचताना तो वारंवार आठवतो.

आरंभीच ते अडाणी वैद्यांच्या हकीकती सांगतात. एकाने स्त्रीच्या मानेवरची गाठ कापली, धमन्या तुटल्या आणि ती त्याच्याच हातांत गतप्राण झाली. दुसऱ्याने एका वृद्धाचा मोठा मूतखडा काढला. त्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाही निघाला आणि तीनेक दिवसांत वृद्ध मरण पावला. या वृद्धासाठी आधी जहरावींनाच बोलावले होते. खड्याचा आकार व रुग्णाची अवस्था पाहून त्यांनी हात लावण्यास नकार दिला होता. तो नकार त्या घरात त्या वेळी किती कठोर वाटला असेल, याची कल्पना करा!

मोठ्या नावांपुढेही त्यांनी आपला अनुभव झाकला नाही. डागण्यासाठी सोन्याची सळई उत्तम, असे पूर्वसूरींचे मत होते. जहरावींनी लोखंड पसंत केले. सोने विस्तवात पुरते तापले की नाही हे त्याच्या रंगावरून कळत नाही, ते लवकर निवते आणि अधिक तापवल्यास वितळते. स्तनातील जुनाट, वाढलेल्या कर्करोगाविषयी तर ते स्पष्ट लिहितात की असा रुग्ण आपल्या हातून बरा झाला नाही आणि इतर कोणाच्या हातून बरा झालेलाही पाहिला नाही. आरंभीची लहान गाठ मात्र कापून काढता येते.

श्वासनलिकेला छेद देणारा वैद्य त्यांनी आपल्या देशात पाहिला नव्हता. एकदा एका दासीने स्वतःच्या गळ्यात सुरी खुपसली. जखमेतून श्वास बाहेर पडत होता, पण धमनी वा शीर तुटलेली नव्हती. त्यांनी जखम शिवली. मुलगी बरी झाली, आवाज तेवढा घोगरा राहिला. त्यावरून हा छेद प्राणघातक ठरतोच असे नाही, हे त्यांनी ताडले आणि नोंदवले.

इ.स. १०१३ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. तत्पूर्वीच यादवीत मदीनतुज-जहरा उद्ध्वस्त झाली होती. बाराव्या शतकात तुलैतुला येथे क्रेमोनाच्या जेरार्डने शल्यक्रियेचा हा भाग लॅटिनमध्ये आणला, आणि हत्यारांच्या आकृत्यांबरोबर तो वृद्ध व ती दासीही युरोपच्या शल्यवैद्यांपर्यंत पोहोचली.