आहे त्या मेमरीत भागवणारा माणूस

किनवट भागात रानाला लागून शेत असेल, तर रानडुकरं पिकात शिरणं तुम्हाला नवीन नाही. समजा, त्यावर इलाज म्हणून तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ईएसपी३२चा छोटा बोर्ड घेतला, सेन्सर जोडला, भोंगा लावला. वाय-फाय, मोबाइलवर मेसेज असं करत करत प्रोग्रॅम एक एमबीच्या वर गेला. चिपमधली कामाची मेमरी आहे ५२० केबी. तरी प्रोग्रॅम चालतो! कसा काय?

त्याचं असं आहे. प्रोग्रॅम असतो शेजारच्या फ्लॅश मेमरीत, साधारण ४ एमबीच्या. तिचे ६४ केबीचे तुकडे पाडलेले असतात. कुठला तुकडा प्रोसेसरला कुठल्या पत्त्यावर दिसेल, याची नोंद चिपमध्ये ठेवलेली असते. प्रोसेसर एक पत्ता मागतो, नोंदीवरून खरी जागा कळते आणि हवा तेवढाच भाग आत येतो. प्रोसेसरला वाटतं, सगळं आपल्या हाताशीच आहे. दिसणारा पत्ता वेगळा आणि खरी जागा वेगळी, ही युक्ती इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात जन्माला आली. तिच्यामागचा माणूस म्हणजे टॉम किलबर्न.

किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१चा, यॉर्कशरमधल्या ड्यूजबरी गावचा. केंब्रिजला त्यांनी गणिताची पदवी घेतली ती ऐन दुसऱ्या महायुद्धात. सरकारने लगेच इलेक्ट्रॉनिक्सचा एक छोटा कोर्स करायला लावला आणि १९४२ मध्ये रडारवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेत पाठवलं. तिथले गटप्रमुख फ्रेडी विल्यम्स यांना खरं तर अनुभवी इंजिनिअर हवा होता. मिळाला हा नवखा गणितवाला! पण पोराने काम शिकून घेतलं आणि पुढे विल्यम्स यांचा उजवा हात झाला.

युद्ध संपलं. संगणक कसा असावा याची कागदावरची चर्चा जोरात होती, पण घोडं अडलं होतं मेमरीपाशी. प्रोग्रॅम आणि आकडे साठवायचे कशात? विल्यम्स १९४६ च्या अखेरीस मँचेस्टरला प्राध्यापक झाले आणि किलबर्न त्यांच्याबरोबर गेले. दोघांनी टीव्हीत असते तशी काचेची नळी घेतली आणि तिच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके साठवायला सुरुवात केली. ठिपका क्षणात विरायचा, म्हणून तो सतत वाचून पुन्हा लिहायचा. १९४७ संपेपर्यंत एका नळीवर २,०४८ बिट टिकू लागले.

ही मेमरी खरोखर कामाची आहे का, हे बघायला त्यांनी एक यंत्र बांधलं. त्याचं लाडाचं नाव ‘बेबी’. २१ जून १९४८ रोजी किलबर्न यांनी लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम त्यावर ५२ मिनिटं चालला आणि बरोबर उत्तर आलं. आपल्याच मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारा हा जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक. त्याची मेमरी किती? ३२ बिटांचे ३२ शब्द, म्हणजे १२८ बाइट. तुमच्या अर्डुइनो उनोत २ केबी रॅम असते, म्हणजे बेबीच्या सोळापट! ‘मेमरी पुरत नाही’ म्हणून वैतागाल, तेव्हा हे आठवा.

पण किलबर्न यांचं मोठं काम पुढेच होतं. १९५० च्या दशकात संगणकात दोन प्रकारची मेमरी असायची. एक वेगवान, पण महाग आणि इवलीशी. दुसरी म्हणजे फिरणारा चुंबकीय ड्रम, स्वस्त आणि मोठा, पण हजारो पट हळू. प्रोग्रॅम लहान मेमरीत मावला नाही, की तो लिहिणाऱ्याने स्वतःच तुकडे करायचे. कुठला तुकडा कधी ड्रमवरून आणायचा, कुठला परत ठेवायचा, हे सगळं हाताने लिहायचं. मूळ गणित राहायचं बाजूला आणि जीव जायचा या हमालीत.

किलबर्न यांनी ठरवलं, की ही हमाली यंत्राने करायची. १९५६ मध्ये ‘म्यूझ’ हा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला सरकारी पाठबळ नव्हतं. विद्यापीठाच्या संगणकाने बाहेरची कामं करून मिळवलेल्या पैशांवर गाडी चालली. १९५९ मध्ये फेरांटी कंपनी सोबत आली आणि यंत्राचं नाव झालं ‘अ‍ॅटलस’.

अ‍ॅटलसची युक्ती समजून घ्यायची, तर गावातली अभ्यासिका डोळ्यांपुढे आणा. टेबलं ३२, सदस्य दोनशे. तुमचा सदस्य क्रमांक १४७ असला, तरी टेबल मात्र आज ५, उद्या १९. कोण कुठल्या टेबलावर बसलंय, हे दारातल्या वहीत लिहिलेलं. बाहेरच्याने फक्त सदस्य क्रमांक सांगायचा, टेबल वही शोधते. अ‍ॅटलसच्या वेगवान मेमरीत ५१२ शब्दांची ३२ पानं मावायची आणि ड्रमवर १९२. ३२ पानांसाठी ३२ रजिस्टर, हीच ती वही. मागितलेलं पान आत नसेल, तर प्रोग्रॅम तेवढ्यापुरता थांबायचा, पान ड्रमवरून यायचं आणि काम पुढे सुरू व्हायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याची गंधवार्ताही नसायची.

आता खरी गोची. नवीन सदस्य आला, तर उठवायचं कोणाला? चुकीच्या माणसाला उठवलं, तर तो दोन मिनिटांत परत दारात हजर. अ‍ॅटलसमध्ये असं वारंवार झालं असतं, तर एवढं महागडं यंत्र ड्रमची वाट बघण्यातच दिवस घालवणार होतं. म्हणून किलबर्न यांच्या गटाने एक पान कायम रिकामं ठेवलं, म्हणजे येणाऱ्याला थांबावं लागणार नाही. शिवाय एक छोटा प्रोग्रॅम बसवला. कुठलं पान किती वेळाने लागतं, हे तो बघत राहायचा आणि सगळ्यात उशिरा लागेल असं वाटणारं पान बाहेर पाठवायचा. १९६२ मध्ये किलबर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला अ‍ॅटलस रीतसर सुरू झाला. पुढे याच कल्पनेला ‘व्हर्च्युअल मेमरी’ म्हणू लागले. आज तुमच्या लॅपटॉपपासून मोबाइलपर्यंत ती सगळीकडे आहे.

मेमरीची ही चणचण मुंबईतही होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी. आपल्याकडची माणसंसुद्धा तेवढ्यात मोठमोठी गणितं बसवत होती.

किलबर्न यांनी १९६४ मध्ये मँचेस्टरला ब्रिटनमधला पहिला संगणकशास्त्र विभाग उभा केला. १९६५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९८१ मध्ये निवृत्त झाले. १९९८ मध्ये बेबीची हुबेहूब प्रतिकृती चालू झाली, तेव्हा ७६ वर्षांचे किलबर्न तिथे हजर होते. १७ जानेवारी २००१ रोजी ते गेले.

आता पुन्हा तुमच्या बोर्डकडे या. प्रत्येक मायक्रोकंट्रोलरमध्ये ही वही नसते. अर्डुइनो उनोत ती मुळीच नाही. कॉर्टेक्स-एम जातीच्या बऱ्याच चिपमध्ये मेमरीची राखण करणारा भाग असतो. कुठे जायची परवानगी आहे हे तो बघतो, पण पत्ता बदलून देत नाही. ईएसपी३२ पत्ता बदलून देतो खरा, पण अ‍ॅटलससारखं ‘कोणाला उठवायचं’ हे शिकत नाही, तुकड्यांची मांडणी आधीच ठरवून दिलेली असते. यामागे कारण आहे. मोटर थांबवायची सूचना ठरलेल्या वेळेतच पोचली पाहिजे, पान येईपर्यंत वाट बघणं तिथे परवडत नाही. म्हणून छोट्या चिपवर हिशेब अजून तुम्हालाच ठेवावा लागतो.

तेव्हा प्रोजेक्ट अडला, की लगेच मोठा बोर्ड मागवू नका. आधी कागद घ्या. काय कायम हाताशी हवं, काय लागेल तेव्हा आणलं तरी चालेल, याच्या दोन याद्या करा. बोर्डचे पैसे वाचतील आणि आपली चिप आतून कशी चालते, हेही कळेल.