वॉशिंग्टनचा मोर्चा ज्यांनी उभा केला : बायर्ड रस्टिन

२८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आपल्या चळवळीला परका नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचे त्या दिवशीचे भाषण आपण शिबिरांमध्ये ऐकवतो, मुले वक्तृत्व स्पर्धेत त्याचा दाखला देतात. पण सुमारे अडीच लाख माणसे एका दिवसात राजधानीत आणून, त्यांच्या पाण्याची, शौचालयांची, बसगाड्यांची सोय करून, शांततेत परत कोणी पाठवली, असे विचारले तर बहुतेक कार्यकर्ते गप्प होतात. आम्हीही समाजशास्त्रात एम.ए. करताना काळ्यांच्या लढ्यावर पानेच्या पाने लिहिली, त्यात हे नाव कधी आले नाही. ते नाव बायर्ड रस्टिन. ते समलैंगिक होते आणि जवळच्यांपासून त्यांनी ते कधी लपवले नाही.

रस्टिन यांचा जन्म १७ मार्च १९१२ चा, पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर गावचा. आई कुमारी माता, म्हणून आजी-आजोबांनीच त्यांना मुलगा म्हणून वाढवले. जिला ते थोरली बहीण समजत होते ती आपली आई, हे त्यांना नंतर कळले. आजी जुलिया क्वेकर पंथाच्या संस्कारातल्या. नातवाने आपल्याला मुलांचा सहवास आवडतो असे सांगितले तेव्हा त्यांनी आकांडतांडव केले नाही, ऐकून घेतले. एवढ्याशा गोष्टीने माणूस आयुष्यभर ताठ उभा राहू शकतो, हे आम्ही आमच्या कामातही पाहतो.

१९३७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आले. गळा उत्तम, त्यामुळे गाण्यावर पोट भरले. काही वर्षे कम्युनिस्ट युवक संघटनेत काढली, १९४१ मध्ये ती सोडली आणि कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडे गेले. महायुद्धात लष्करभरतीला नकार दिला म्हणून दोन वर्षांहून अधिक तुरुंगवास भोगला. १९४७ मध्ये दक्षिणेत बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या गटात ते होते. त्यासाठी पुढे नॉर्थ कॅरोलायनात पायात साखळ्या घालून राबवणाऱ्या कैद्यांच्या टोळीत २२ दिवस काढावे लागले. १९४८ मध्ये भारतात येऊन ते इथल्या गांधीवाद्यांनाही भेटून गेले. आपले आणि गांधीवादाचे मतभेद आपल्या जागी, पण अहिंसक आंदोलनाची शिस्त त्यांनी मनापासून घेतली होती.

जानेवारी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडिना इथे ते मोटारीत दोन पुरुषांसोबत सापडले. ६० दिवसांची शिक्षा झाली. ज्या शांततावादी संघटनेत बारा वर्षे झिजले तिने त्यांना दूर केले. हे करणारे वर्णद्वेषी गोरे नव्हते, सोबत तुरुंगात जाणारे, समतेसाठी मार खाणारे साथी होते.

१९५६ मध्ये माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू असताना रस्टिन तिथे पोचले. किंग तेव्हा २७ वर्षांचे, त्यांच्या घरात संरक्षणासाठी बंदुका होत्या. त्या दूर ठेवून बहिष्कार चालवायचा कसा, हे रस्टिन यांनी त्यांच्यासोबत बसून घडवले. पण पत्रकारांनी चौकशी सुरू करताच त्यांना गुपचूप गावाबाहेर हलवावे लागले. १९६० मध्ये तर कहर झाला. काळ्यांचेच खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांनी धमकी दिली, की ठरलेले आंदोलन मागे घेतले नाही तर किंग आणि रस्टिन यांचे संबंध असल्याची आवई उठवू. ती साफ खोटी होती. तरी रस्टिन यांनी राजीनामा दिला आणि किंग यांनी तो थांबवला नाही. आम्ही किंग यांना मानतो, म्हणूनच हे लिहिले पाहिजे.

आमच्या कामात भेटलेला एक मुलगा वस्तीतल्या जयंतीचा सगळा हिशेब ठेवायचा. त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पावतीपुस्तक दुसऱ्याच्या हातात दिसले. कोणी भांडले नाही, कोणी काही बोललेही नाही. हा आपल्या चळवळीचा विषय नाही, असे आम्हाला ऐकवले जाते. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चा खटला बाबासाहेबांनी लढवला, तेव्हा त्या अंकातल्या वाचकांच्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. बाबासाहेबांनी तो प्रश्न घाण म्हणून टाळला नाही.

१९६३ च्या मोर्चासाठी रस्टिन यांना प्रमुख करायला ज्येष्ठ नेते रॉय विल्किन्स यांचा विरोध होता. रँडॉल्फ यांनी मार्ग काढला. प्रमुख स्वतः झाले आणि उपप्रमुख म्हणून रस्टिन यांना नेमले. हार्लेममधल्या कार्यालयातून दोन महिन्यांच्या आत सारे उभे राहिले. मोर्चाला दोन आठवडे उरले असताना सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांनी सिनेटमध्ये पॅसाडिनाचे प्रकरण बाहेर काढले. या वेळी मात्र रँडॉल्फ उघडपणे पाठीशी उभे राहिले आणि बाकीचेही हलले नाहीत. मोर्चाच्या दिवशी मागण्या वाचून दाखवायला रस्टिन स्वतः मंचावर होते. (त्या मंचावर एकाही स्त्रीला मुख्य भाषण दिले नव्हते, तेही जाता जाता नोंदवू.)

पुढच्या काळातले रस्टिन आम्हाला तितके पटत नाहीत. व्हिएतनाम युद्धावर ते गुळमुळीत राहिले आणि तरुण काळ्या कार्यकर्त्यांपासून दुरावले. त्यांचे नाव मागे पडले त्याला हेही कारण आहे.

१९७७ मध्ये त्यांना वॉल्टर नेगल हा जोडीदार मिळाला. लग्नाचा हक्क नव्हता, म्हणून १९८२ मध्ये रस्टिन यांनी जोडीदाराला कायद्याने दत्तक घेतले! त्यासाठी नेगल यांच्या सख्ख्या आईला मुलावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली. घर योग्य आहे का हे तपासायला एक समाजसेविका आली. सत्तरीतला ‘बाप’ आणि तिशीतला ‘मुलगा’ तिच्यासमोर बसले. आम्हीही गृहभेटीचे अहवाल लिहितो. त्या बाईंनी ‘नाते’ या रकान्यासमोर काय लिहिले असेल, हा विचार आम्हाला सोडत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ३७७ कलमाच्या कचाट्यातून समलैंगिकांना सोडवले, पण २०२३ मध्ये विवाहाचा हक्क नाकारला. ते रकाने इथेही रिकामेच आहेत.

२४ ऑगस्ट १९८७ रोजी रस्टिन गेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मृत्युलेखात नेगल यांची ओळख सहायक आणि दत्तक पुत्र अशी छापली गेली. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मरणोत्तर सन्मान दिला, तो नेगल यांनी स्वीकारला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने पॅसाडिनाच्या शिक्षेबद्दल माफी जाहीर केली. २०२३ मध्ये ‘रस्टिन’ हा चित्रपट आला. त्याआधी, २००२ मध्ये, वेस्ट चेस्टरच्या नव्या शाळेला त्यांचे नाव द्यायचे ठरले, तेव्हा गावातल्याच काहींनी विरोध केला होता. वाद बराच काळ चालला. २००६ मध्ये शाळा उघडली ती त्यांच्याच नावाने.