मस्जिद स्टेशनची मशीद

सुट्टी लागली की दिवा-रोहा गाडीने पेणला नाहीतर रोह्याला पळणारे आपल्या हॉस्टेलवर बरेच आहेत. पण प्रश्न आहे मुंबईतला. सीएसएमटी सोडलं की पहिलं स्टेशन मस्जिद. ही मशीद कुठली? जुने मुंबईकर सांगतात की हे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून नव्हे, तर ज्यू लोकांच्या सिनेगॉगवरून पडलं. आपल्या कोकणातले ज्यू प्रार्थनाघराला मशीदच म्हणत आले. आणि ती मशीद बांधली समाजी हासाजी दिवेकर या कोकणी माणसाने.

पेण, रोहा, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यातल्या ज्यूंना बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची मुलं म्हणतात. फार पूर्वी नवगावजवळ जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाले त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून पडली. पेणकर, रोहेकर, किहिमकर, तसेच हे दिवेकर. नावंसुद्धा इथल्या मातीत मुरली. सॅम्युएलचा समाजी झाला, इझिकेलचा हासाजी आणि आयझॅकचा इसाजी.

अठराव्या शतकात इंग्रजांच्या मुंबई फौजेत बरेच बेने इस्रायली भरती झाले. समाजी आणि त्यांचा भाऊ इसाजी त्यांतलेच. समाजी देशी अधिकाऱ्यांमधल्या वरच्या हुद्द्यापर्यंत चढले. मग दुसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध आलं, 1780 ते 1784 चं. त्यात समाजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले.

पुढची हकीकत कागदोपत्री कमी आणि घराघरांत जास्त सापडते. कैद्यांना टिपूसमोर उभं केलं, तेव्हा समाजींना त्यांची जात-धर्म विचारण्यात आला. त्यांनी आपण बेने इस्रायल असल्याचं सांगितलं. टिपूच्या आईने ते ऐकलं. ज्या बनी इस्राईलचं नाव आपण कुराणात वाचतो ती माणसं प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती, म्हणून याला मारू नये अशी गळ तिने मुलाला घातली. आणि समाजी वाचले.

हे अक्षरशः असंच घडलं असेल का, याबद्दल मला शंका आहे. पण यात एक गोष्ट खरी आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे अब्राहम आणि मोझेस मला सिस्टरनी शिकवले. तेच मुसलमानांचे इब्राहिम आणि मूसा, आणि बेने इस्रायलींचे अव्राहाम आणि मोशे. तीन घरांची वंशावळ वरच्या टोकाला एकच आहे. कुराणाच्या सतराव्या सूऱ्याचं एक नावच बनी इस्राईल आहे. त्या ग्रंथात बनी इस्राईलवर झालेल्या कृपेची आठवण आहे, तसेच त्यांना दिलेले कडक बोलही आहेत. टिपूच्या आईला यातलं पहिलं आठवलं. दुसरं आठवलं असतं तर?

कारण तेही घडलेलं आहे, आणि फार लांब नाही. आपल्या रेवदंड्याचा कोट 1740 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि त्यांच्या गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन चालू होतं. गार्सिया द ओर्ता हा नामांकित वैद्य तिथलाच. त्याला पोर्तुगीजांनी मुंबई बेट पट्ट्याने दिलं होतं. आई-बाप ज्यू, नंतर ख्रिस्ती झालेले. तो 1568 साली वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. येशूला ज्यूंनी मारलं हा जुना राग युरोपातून जहाजात बसून इथपर्यंत आला होता. शनिवार तेल्यांकडे त्यांचं लक्ष कसं गेलं नाही देव जाणे! कदाचित घाणा चालवणारी मराठी बोलणारी माणसं त्यांना ज्यू वाटलीच नसतील.

सुटून परत गेलो तर प्रार्थनाघर बांधीन असा नवस समाजींनी कैदेत केला होता म्हणतात. 1796 साली मांडवीत त्यांनी तो फेडला. बेने इस्रायलींचं हे पहिलं सिनेगॉग. त्याआधी प्रार्थना घरीच व्हायची. इमारत झाली, पण आत ठेवायला तोराहच्या हस्तलिखित गुंडाळ्या हव्यात. त्या आणायला ते कोचीनला गेले. तिथले ज्यू स्वतःच पळून आलेले. सोळाव्या शतकात क्रांगानूरला आधी मुसलमान व्यापाऱ्यांशी वैर आलं, मग पोर्तुगीजांचा जाच, शेवटी कोचीनच्या हिंदू राजाने आपल्या वाड्याला लागून जागा दिली. समाजी तिथेच 1797 साली वारले. आपल्या सिनेगॉगमध्ये त्यांना जेमतेम वर्षभर प्रार्थना करायला मिळाली.

पुढे जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. बेने इस्रायलींनी हिब्रू मन लावून शिकून घेतली, ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. (विल्सनसाहेबांची केवढी निराशा झाली असेल!) अलिबागला 1848 मध्ये सिनेगॉग झालं, पेणला 1863 मध्ये. समाजींचं सिनेगॉग 1860 मध्ये आताच्या जागी हललं आणि पुढे त्याला शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार, असं नाव मिळालं. 1948 नंतर पेण-रोह्याची बहुतेक घरं इस्रायलला गेली.

ते सिनेगॉग ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव सॅम्युएल स्ट्रीट, आपल्या समाजींवरूनच. आजूबाजूला मुसलमान आणि गुजराती व्यापाऱ्यांची दुकानं, हातगाड्यांची गर्दी. मस्जिद स्टेशनवरून चालत जाता येतं.