ऐनवेळच्या पाहुण्याची खोली

वर्सोव्याच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट काही मिनिटांत खाडी ओलांडून मढला लागते. हाच प्रवास मालाडवरून रस्त्याने करू गेल्यास कित्येकदा तासभरही पुरत नाही. सलग सुट्ट्या आल्या की या बोटीत कोळणींच्या पाट्यांशेजारी चाकांच्या बॅगा दिसू लागतात. मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे या किनारपट्टीवर दोन दिवस विसावायला निघालेली ही मंडळी. त्यांतील अनेकांनी खोली आधी राखून ठेवलेली नसते. गोराईचे एस्सेलवर्ल्ड चालू होते त्या काळात, म्हणजे १९८९ ते २०२२ या वर्षांत, यात आणखी एका वर्गाची भर पडे. दिवसभर पाळण्यांत बसून दमलेली मुले संध्याकाळी घरी परतायला नकार देत आणि वडील मंडळी ऐनवेळी खोलीच्या शोधात निघत. प्रस्तुत लेखकानेही एकदा दोन मुले आणि ओले कपडे घेऊन या परिसरातील तीन दारे ठोठावली होती. तिसऱ्या दारी, बराच वेळ तिष्ठत ठेवल्यावर, गाद्यांच्या ढिगाशेजारची एक खोली मिळाली. तिचे भाडे मात्र समुद्रासमोरच्या खोलीचेच होते.

ओळखपाळख नसलेल्या माणसाला केवळ तो प्रवासी आहे एवढ्यावरून सन्मानाने खोली मिळावी, ही गोष्ट आपण आज गृहीत धरतो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत ती गृहीत धरता येत नव्हती. त्यासाठी ज्या माणसाने स्वतःची पुंजी ओतली, त्याचे नाव पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था यांच्याशी इतके घट्ट जोडले गेले आहे की चरित्रकारांनी त्याचे हॉटेल बहुधा एका प्रकरणात आटोपलेले दिसते. आणि मुंबईच्या याच उत्तर किनाऱ्यासाठी त्याने आखलेला बेत तर एखाद्या परिच्छेदातच उरकला जातो. हा माणूस म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे पारशी मोबेदांच्या घराण्यात झाला. पौरोहित्याची परंपरा मोडून वडील नसरवानजी मुंबईत व्यापारात शिरले होते. वयाच्या चौदाव्या वर्षी जमशेटजी त्यांच्याकडे आले, एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले, १८५८ मध्ये शिक्षण पुरे करून पेढीवर बसले आणि पुढच्याच वर्षी हाँगकाँगला रवाना झाले. येथून त्यांच्या आयुष्यातील न संपणारा प्रवास सुरू होतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला जात असताना ते लंडनला गेले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले आणि त्यांच्या हातातील हुंड्या रद्दी झाल्या. परक्या शहरात, ऐन पंचविशीत, देणेकऱ्यांसमोर उभे राहण्याची वेळ आली. त्यांनी काहीही लपवले नाही. त्यांच्या सचोटीवर विश्वास ठेवून धनकोंनी हिशेब मिटवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. दादाभाई नवरोजी आणि फिरोजशहा मेहता यांच्याशी स्नेह जुळला तोही याच मुक्कामात.

१८६८ मध्ये २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची बुडीत तेलगिरणी घेऊन ती कापडगिरणी केली आणि नफ्याने विकली. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तर १८८६ मध्ये कुर्ल्याची मोडकळीस आलेली धरमसी मिल घेऊन त्यांनी तिची स्वदेशी मिल केली. कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा आणि अपघात-भरपाईचा विचार नागपूरच्या गिरणीत कायद्याची सक्ती नसताना झाला, हे आवर्जून सांगायला हवे. उद्योजक म्हणून त्यांची बाकीची कर्तबगारी वाचकांना ठाऊक आहे, ती येथे पुन्हा उगाळत नाही.

१८९३ मध्ये जमशेटजी जपानहून अमेरिकेला निघाले. योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या बोटीवर त्यांची आणि स्वामी विवेकानंदांची भेट झाली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. स्वामीजी सर्वधर्मपरिषदेला चालले होते, जमशेटजी शिकागोचे जागतिक प्रदर्शन पाहायला. पहिला प्रचंड आकाशपाळणा उभारला गेला तो याच प्रदर्शनात. आजच्या करमणूक उद्यानांची वंशावळ येथवर येऊन पोहोचते. प्रदर्शनाच्या बांधकामावर राबलेल्या कामगारांत एलियास डिस्ने नावाचा एक गृहस्थ होता. त्याच्या मुलाने, वॉल्ट डिस्नेने, पुढे १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले आणि त्याच वर्षी त्याला लागून हॉटेलही उभे राहिले. लोक करमणुकीला लांबून येणार असतील तर त्यांच्या मुक्कामाची सोय हवी, हा हिशेब तेथे पहिल्याच वर्षी मांडला गेला. मुंबईत तो हिशेब जमशेटजींच्या मनात त्याआधी अर्धशतक घोळत होता.

तेव्हाच्या मुंबईत परगावचा माणूस उतरे कुठे? नातलगांकडे, जातीच्या धर्मशाळेत किंवा एखाद्या खाणावळीच्या माळ्यावर. गोऱ्या साहेबांसाठी क्लब होते, काळा घोड्याजवळ लोखंडी सांगाड्याचे वॉटसन हॉटेल होते. जमशेटजींना वॉटसनच्या दारातून, हिंदी म्हणून, परत पाठवण्यात आले आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, अशी आख्यायिका घरोघर सांगितली जाते. काही जण वॉटसनऐवजी पाइकच्या हॉटेलचे नाव घेतात. तिला समकालीन पुरावा नाही आणि इतिहासकारांनी तिच्यावर शंका घेतली आहे. तरीही ती मरत नाही, याचे कारण उघड आहे. जमशेटजींच्या बाबतीत घडो वा न घडो, दारातून परतण्याचा अनुभव त्या काळच्या असंख्य हिंदी माणसांच्या गाठीशी होता.

पुराव्याने दिसणारे कारण अधिक विदारक आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिक संनिपाताचा, म्हणजे प्लेगचा, शिरकाव झाला. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागले, परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली, बाजार ओस पडले. ज्या शहराने आपल्याला घडवले ते मरणपंथाला लागल्याचे जमशेटजी पाहत होते. अशा वेळी, पाहुणे पळून जात असताना, पाहुण्यांसाठी मुंबईत सर्वांत मोठे घर बांधायचे त्यांनी ठरवले. पेढीचा पैसा न वापरता खर्च स्वतःच्या खात्यातून करायचा, हेही ठरवले. घरच्यांना हे मुळीच रुचले नाही. एवढे उद्योग चालवणाऱ्या भावाने आता भटारखाना काढावा का, असा प्रश्न बहिणीने केल्याची आठवण नोंदलेली आहे.

१८९८ मध्ये अपोलो बंदराजवळ भरावाच्या जमिनीवर काम सुरू झाले. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हते. ते पुरे व्हायला १९२४ उजाडले. आगबोटी बंदरात नांगर टाकत आणि उतारू लहान होड्यांनी किनाऱ्याला येत. पायरी चढून आलेल्या, कुणालाही न ओळखणाऱ्या माणसाला समोरच दार दिसावे, अशी ही जागा होती. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांच्या मृत्यूनंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने काम तडीस नेले. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि वास्तुविशारदाने त्या धक्क्याने जीव दिला, ही दंतकथा मात्र पूर्णपणे टाकाऊ आहे. गाड्या शहराच्या बाजूने याव्यात आणि अधिकाधिक खोल्यांना समुद्र मिळावा, हा विचार आराखड्यातच होता. मुंबईकरांना ताजमहालाची ही एका मराठी माणसाशी असलेली नाळ फारशी ठाऊक नसते, याचे मात्र वाईट वाटते.

सामानाची खरेदी जमशेटजी स्वतः करीत. विजेची यंत्रसामग्री जर्मनीतून, पंखे अमेरिकेतून, दिवाणखान्याचे लोखंडी खांब पॅरिसहून आले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले तेव्हा घुमट अपुरा होता, एकच बाजू तयार होती आणि पाहुणे होते सतरा. पंखा व स्वतंत्र स्नानगृह असलेल्या खोलीला दिवसाचे १३ रुपये, भोजनासह २० रुपये असा दर होता. हा दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता, हे कबूल केलेच पाहिजे. दार रंगाला खुले झाले, खिशाला नाही.

जमशेटजींची नजर मात्र अपोलो बंदरावर थांबली नव्हती. प्लेगने गजबजलेल्या वस्तीचे दुष्परिणाम दाखवून दिले होते आणि शहराने उत्तरेकडे, साष्टीच्या मोकळ्या किनाऱ्याकडे सरकावे, असे त्यांना वाटे. जुहू येथे त्यांनी जमीन घेतली, बंगला बांधला. जुहू तारा भागात सुमारे १२०० एकर क्षेत्र विकसित करून एकेक एकराचे ५०० भूखंड पाडायचे, समुद्रकाठी विश्रामस्थान वसवायचे आणि तेथे पोहोचता यावे म्हणून माहीमचा कॉजवे पुढे वाढवायचा, अशी ही योजना होती. गिरणीत वा कचेरीत आठवडा काढणाऱ्याला दोन दिवस समुद्राजवळ राहता यावे, ही आज आपल्याला अगदी ओळखीची वाटणारी गरज त्यांनी मुंबईची उपनगरे शेतवाडीची असताना हेरली होती. भूखंड पाडण्याआधी रस्त्याचा विचार केला, हे विशेष. आपल्याकडे पुढे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा झाला.

पण वेळ उरला नव्हता. प्रकृती ढासळलेली असतानाच ते युरोपात गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. हॉटेल उघडून जेमतेम पाच महिने झाले होते. इंग्लंडमधील ब्रुकवूडच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था ही अपुरी कामे पुत्र दोराबजी आणि सहकाऱ्यांनी पुरी केली. जुहूची योजना तेवढी बासनात गेली. टाटांचे नाव जुहूला पुन्हा आले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जेआरडी कराचीहून टपालाचे विमान घेऊन तेथे उतरले तेव्हा.

जुहूचा किनारा पुढे आराखड्यावाचून, ज्याला जसे जमेल तसा भरत गेला. त्याच्या उत्तरेला वर्सोवा आणि वर्सोव्यापलीकडे, खाडीच्या त्या काठाला, मढ. वर्सोवा आणि मढ यांना जोडणाऱ्या पुलाची बोलणी कित्येक वर्षे चालली आहेत. सुट्टीच्या संध्याकाळी वर्सोव्याच्या धक्क्यावर बॅगा सांभाळत उभे असलेले लोक अजूनही पलीकडे फोन लावून विचारत असतात, एखादी खोली आहे का म्हणून.