टोलनाक्यावरची रांग आणि तुमची दुसरी विंडो

मिनी प्रोजेक्ट सुरू असतो. पहिल्या विंडोवर एक बटण, ते दाबलं की दुसरी विंडो. उघडते, आपण खूश! मग डेमोच्या वेळी कुणीतरी तेच बटण पाच वेळा दाबतं आणि स्क्रीनवर एकसारख्या पाच विंडो. कॉम्प्युटर चुकलेला नसतो. प्रत्येक क्लिकला ‘न्यू’ लिहून आपणच नवा ऑब्जेक्ट मागितलेला असतो. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू, ही कल्पना प्रोग्रॅमिंगमध्ये आणली दोन नॉर्वेजियन माणसांनी. त्यातला एक क्रिस्टन निगार्ड.

जन्म १९२६, ऑस्लो. शिक्षण गणिताचं. १९४८ पासून तो संरक्षण संशोधन संस्थेत होता. नॉर्वेच्या पहिल्या अणुभट्टीसाठीची आकडेमोड त्याच्याकडे आली आणि तिथून त्याला सिम्युलेशनचा नाद लागला. रांगा, कारखाने, वाहतूक असलं खरं जग मशिनला सांगायचं कसं? १९६० मध्ये तो नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये गेला आणि ओले-योहान डाल या जबरदस्त प्रोग्रॅमरसोबत ‘सिम्युला’ ही भाषा घडवायला लागला.

दोघांची चर्चा म्हणजे नुसता आरडाओरडा. १९६७ मध्ये तिथं नवीनच लागलेल्या एका कर्मचाऱ्याला वाटलं, फळ्यासमोर दोन माणसांची मारामारी चाललीय. घाबरून सांगायला गेल्यावर कळलं की हे सिम्युलावर बोलतायत!

त्या दिवसांत त्यांच्यासमोर एक उदाहरण होतं. पूल, टोलनाका आणि रांगेत ट्रक, बस. (आपल्याला हे वेगळं समजावायला नकोच.) प्रत्येक गाडी वेगळी, पण रांगेत उभं राहणं सगळ्यांचं सारखं. मग सारखा भाग एकदाच लिहायचा आणि ट्रक, बस यांनी तो वारशानं घ्यायचा. ‘सिम्युला ६७’ मध्ये क्लास आणि सबक्लास आले ते असे. तुमच्या विंडोचं क्लोजचं बटण तुम्ही कधी लिहिलंत? ते वरच्या क्लासकडून आयतं आलंय. आणि त्या पाच विंडोंचा उपायही यातच आहे. तयार झालेला ऑब्जेक्ट एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा. तो उघडा असेल तर पुढे आणायचा, नसेल तरच ‘न्यू’.

सिम्युलावरून ॲलन के यांना स्मॉलटॉक सुचली आणि झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत त्याच भाषेत एकमेकींवर सरकणाऱ्या विंडो आल्या. स्ट्रूस्ट्रपनी सी प्लस प्लस केली, तीही सिम्युला वापरल्यावरच.

निगार्ड मात्र लॅबमध्ये रमून बसला नाही. सत्तरच्या दशकात कारखान्यांत कॉम्प्युटर शिरू लागले, तेव्हा तो लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करायला गेला. ज्यांच्या कामावर हे यंत्र बसणार, त्यांना त्यात बोलायचा हक्क हवा, हा त्याचा आग्रह. आपल्या सिलॅबसमध्ये सिम्युला दोन ओळींत येते, हा भाग येतच नाही. मला तर हाच निगार्ड जास्त मोठा वाटतो. पुढे युरोपियन युनियनमध्ये जाण्याच्या विरोधातली मोहीमही त्यानं चालवली आणि १९९४ च्या सार्वमतात नॉर्वेनं खरंच नकार दिला.

२००१ चा ट्युरिंग पुरस्कार त्याला आणि डालला मिळून जाहीर झाला. २००२ च्या जूनअखेर डाल गेला. सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, निगार्डही गेला.