बारा फुटांच्या पिंजऱ्यात शिरलेला शास्त्रज्ञ

एमआरआय तपासणीची खोली वरवर पाहता रुग्णालयातल्या इतर खोल्यांसारखीच दिसते. प्रत्यक्षात तिच्या भिंतींच्या, छताच्या आणि जमिनीच्या आत धातूचे, बहुधा तांब्याचे, अस्तर असते. काचेच्या खिडकीत बारीक जाळी असते आणि दाराच्या कडेने धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, म्हणजे दार लागले की कुठेही फट राहू नये. शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून यंत्राला मिळणारे रेडिओ संकेत अतिशय क्षीण असतात. त्यांची कंप्रता एफएम रेडिओच्या कंप्रतेच्या आसपासची असते. दार नीट लागले नाही तर बाहेरचा रेडिओ गोंगाट आत शिरतो आणि चित्रावर रेघोट्या उमटतात. डॉक्टरांना जिथे गाठ किंवा सूज शोधायची असते, नेमकी तिथेच अशी रेघ आली तर निदान अडते. धातूने सर्व बाजूंनी वेढलेल्या अशा जागेला ‘फॅराडे पिंजरा’ म्हणतात. ज्याचे नाव तिला मिळाले त्याने असा पिंजरा 1836 मध्ये बांधला आणि बाहेरून विजेच्या ठिणग्या उडत असताना तो स्वतः त्यात जाऊन बसला.

मायकेल फॅराडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. त्यांची प्रकृती तोळामासा, त्यामुळे कामात खंड पडे आणि घरात चार मुले. महागाईच्या एका काळात लहानग्या मायकेलला आठवडाभरासाठी एक पाव मिळे आणि तो पुरवून खावा लागे. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती आणि अंकगणितापुरती झाली. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात निरोप्या म्हणून लागला. पुढल्या वर्षी तिथेच पुस्तकबांधणी शिकायला सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून राहिला.

बांधणीसाठी येणारी पुस्तके तो नुसती शिवत नसे, वाचतही असे. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक यांनी त्याला झपाटून टाकले. वाचलेले खरे आहे का, हे पाहण्यासाठी तो तुटपुंज्या पैशांतून बाटल्या आणि तारा आणून प्रयोग करी. पुस्तकात लिहिले आहे म्हणून मानायचे नाही, हाताने करून पाहायचे, ही सवय त्याला तिथे लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही.

1812 मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही तेव्हा इंग्लंडमधले सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ होते. फॅराडेने चार व्याख्यानांची टिपणे काढली, ती सविस्तर लिहून आकृत्या काढल्या, सुमारे 300 पानांचे ते पुस्तक स्वतः बांधले आणि नोकरीच्या विनंतीसह डेव्हींकडे पाठवले. त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या एका स्फोटात डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली होती आणि त्यांना लेखनिकाची गरज होती. पुढे मदतनिसाची जागा रिकामी झाली आणि 1 मार्च 1813 रोजी फॅराडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. पगार आठवड्याला 25 शिलिंग आणि राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या.

त्या वर्षाच्या अखेरीस डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले. सोबत नेलेल्या फॅराडेला प्रयोगांबरोबर नोकराची कामेही करावी लागली आणि डेव्हींच्या पत्नीने त्याला आपल्या पायरीवर ठेवले. पण त्याच दौऱ्यात त्याला अँपिअर आणि व्होल्टा यांना भेटता आले. परतल्यावर खाणकामगारांसाठी डेव्हींनी जो सुरक्षा दिवा बनवला, त्याच्या प्रयोगांतही फॅराडेचा हात होता. दिव्याच्या ज्योतीभोवतीची धातूची बारीक जाळी उष्णता शोषून घेई आणि बाहेरच्या वायूपर्यंत ज्योत पोहोचू देत नसे. पुढे वीस वर्षांनी फॅराडेने धातूची जाळी अगदी वेगळ्या कारणासाठी वापरली.

1821 मध्ये सारा बर्नार्डशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी त्याने प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरती ठेवून दाखवली. विजेच्या मोटारीचे ते पहिले रूप. 29 ऑगस्ट 1831 रोजी त्याने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद केला की त्या क्षणापुरता दुसऱ्यात प्रवाह उमटे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हा तो शोध. जनित्र आणि रोहित्र त्यातूनच आले.

यानंतर फॅराडेला एका मूलभूत प्रश्नाने ग्रासले. एखाद्या वस्तूला, निदान एखाद्या जागेतल्या हवेला, फक्त एकाच प्रकारचा विद्युतभार देता येतो का? की प्रत्येक भाराला कुठेतरी समोर तेवढाच विरुद्ध भार लागतोच? लहान उपकरणांवर मिळालेल्या उत्तराने त्याचे समाधान होईना. म्हणून जानेवारी 1836 मध्ये त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहातच एक खोली उभारली. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी 12 फूट. हलकी लाकडी चौकट, तिच्यावर आडव्याउभ्या तांब्याच्या तारा, त्यावर कागद आणि सगळे भाग एकमेकांशी जोडले जावेत म्हणून कथलाच्या वर्खाच्या पट्ट्या. ही खोली जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवली होती. एका मोठ्या विद्युतयंत्राची तार सहा फुटी काचेच्या नळीतून आत सोडली होती, म्हणजे आतल्या हवेला भार देता यावा.

पहिल्या भागात त्याने आतल्या हवेला भार देण्याचा प्रयत्न केला. हवेला एकट्याने भार चढला, असे काही दिसेना. मग त्याने पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतभार ओळखणारी नाजूक उपकरणे घेतली आणि तो स्वतः आत गेला. बाहेरून यंत्र चालू झाले. पिंजऱ्याच्या बाह्य पृष्ठभागावरून मोठमोठ्या ठिणग्या झेपावत होत्या. आत बसलेल्या फॅराडेच्या उपकरणांत मात्र केसभरही हालचाल झाली नाही. मेणबत्तीची ज्योत हलली नाही. भार सगळा बाहेरच राहिला होता.

याचे कारण आज सोपे वाटते. धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. बाहेरून विद्युतक्षेत्र आले की ते सरकतात आणि अशा रीतीने मांडले जातात की त्यांचे स्वतःचे क्षेत्र आतल्या पोकळीत बाहेरच्या क्षेत्राला नेमके रद्द करते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकातच असे काहीसे पाहिले होते. विद्युतभारित चांदीच्या भांड्यात रेशमी दोऱ्याने सोडलेली बुचाची गोळी आतल्या बाजूकडे ओढली जात नाही, हे त्यांना आढळले होते, पण कारण उमगले नव्हते. फॅराडेला पिंजरा हे संरक्षणाचे साधन म्हणून बनवायचेच नव्हते. संरक्षण देण्याजोगी नाजूक इलेक्ट्रॉनिक उपकरणे तेव्हा अस्तित्वातही नव्हती. त्याला निसर्गाचा एक नियम तपासायचा होता.

ही झेप घेणाऱ्या माणसाचे शरीर मात्र लवकरच थकले. 1839 च्या अखेरीस, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याला चक्कर येऊ लागली, डोके दुखू लागले आणि सर्वांत वाईट म्हणजे स्मरणशक्ती दगा देऊ लागली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. 1841 मध्ये साराने त्याला स्वित्झर्लंडला नेले. तिथे तो डोंगरांतून दिवसदिवस चालत असे. प्रयोगशाळेतले काम काही वर्षे जवळपास थांबले. जी गोष्ट आपण काल केली ती आज आठवत नाही, ही अवस्था प्रयोगावर जगणाऱ्या माणसासाठी मोठी शिक्षा होती. त्याला तारले ते पुस्तकबांधणीच्या दुकानात लागलेल्या शिस्तीने. प्रयोगाची प्रत्येक नोंद तो परिच्छेदांना क्रमांक देऊन लिही. आयुष्याच्या अखेरीस हे क्रमांक 16 हजारांच्या पुढे गेले होते. डोक्यात राहत नव्हते ते वहीत होते.

या कठीण काळातही 1843 मध्ये त्याने बर्फ ठेवण्याची एक धातूची बादली घेऊन पिंजऱ्यातल्या निष्कर्षाला पक्के रूप दिले. भारित गोळा आत सोडला की बादलीच्या बाहेरच्या बाजूवर तेवढाच भार दिसे, मग गोळा मधोमध असो की कडेला. 1845 मध्ये तो जोमाने परतला आणि चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे दाखवले. अवकाश रिकामा नसून तो बलरेषांनी भरलेला आहे, ही कल्पना त्याने मांडली. उच्च गणित त्याला येत नव्हते, म्हणून अनेकांनी ती मनावर घेतली नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ती घेतली, समीकरणांत बसवली आणि त्यातून विद्युतचुंबकीय तरंगांचे भाकीत निघाले. 1880 च्या दशकाच्या अखेरीस हाइनरिख हर्ट्झ यांनी ते तरंग प्रत्यक्ष निर्माण केले. ते पाहायला फॅराडे उरला नव्हता.

रेडिओ, रडार, मोबाइल असे तरंग सोडणारे साधन वाढत गेले, तसा एका उपकरणाचा दुसऱ्याला त्रासही वाढला. तेव्हा फॅराडेचे दोन्ही शोध एकत्र उपयोगी पडले. धातूच्या वेष्टनातले भार सरकून विद्युतक्षेत्र अडवतात, हे 1836 चे. बदलते चुंबकीय क्षेत्र धातूत प्रवाह उमटवते आणि तो प्रवाह मूळ क्षेत्राला विरोध करतो, हे 1831 च्या शोधातून निघालेले. मोबाइल उघडला तर आतल्या चिपांवर पत्र्याच्या चपट्या टोप्या दिसतात. केबल टीव्हीच्या तारेत मधल्या तांब्याभोवती विणलेली जाळी असते. हे सगळे छोटे पिंजरेच.

पिंजऱ्याला भोके चालतात, पण ती तरंगलांबीपेक्षा बरीच लहान हवीत. मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या तरंगांची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर असते आणि दाराच्या जाळीची भोके मिलिमीटरभराची. म्हणून तरंग आत अडतात आणि तरंगलांबी कितीतरी कमी असलेला प्रकाश मात्र बाहेर येतो, अन्न शिजताना दिसते. भोकांपेक्षा लांबट फट अधिक घातक. पत्रा कितीही जाड असला तरी झाकणाच्या कडेला लांब फट राहिली की तिथून तरंग निसटतात. दुसरी मर्यादा स्थिर चुंबकाची. त्याला तांबे किंवा ॲल्युमिनियम अडवू शकत नाही, त्यासाठी लोखंड किंवा निकेल-लोखंडाचे खास मिश्रधातू लागतात. म्हणूनच एमआरआयच्या खोलीत तांब्याचे अस्तर असूनही रुग्णाला अंगावरची धातूची वस्तू बाहेर ठेवावी लागते. तिथला धोका यंत्राच्याच चुंबकाचा असतो.

हृदयाची लय राखणारा पेसमेकरही टायटॅनियमच्या डबीत बंद असतो. मात्र त्याच्या तारा डबीबाहेर हृदयापर्यंत जातात. तिथून शिरणारे अनाहूत संकेत गाळण्यासाठी आत वेगळी सोय करावी लागते. तरीही मोबाइल पेसमेकरपासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा, शर्टाच्या त्याच बाजूच्या खिशात ठेवू नये, असा सल्ला डॉक्टर देतात तो याच कारणाने. उलट, मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचे ‘किरणरोधक’ स्टिकर म्हणजे पिंजरा नव्हे. एका बाजूच्या टिकलीएवढ्या पत्र्याने तरंग अडत नाहीत. आणि फोन खरोखरच पूर्ण वेढला तर त्यावरून बोलताच येणार नाही.

फॅराडेने नाइटहूड नाकारला आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही स्वीकारले नाही. ख्रिसमसच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देणे मात्र त्याला मनापासून आवडे. 1855 मध्ये थेम्स नदीच्या घाण पाण्यात कागदाचे पांढरे तुकडे टाकून, ते किती लवकर दिसेनासे होतात हे त्याने तपासले आणि वर्तमानपत्राला पत्र लिहून लोकांना सावध केले. लंडनला नवी गटारे मिळायला आणखी काही वर्षे आणि एक असह्य उन्हाळा जावा लागला. उतारवयात स्मृती पुन्हा क्षीण होत गेली, तशी त्याने एकेक जबाबदारी स्वतःहून खाली ठेवली. राणी व्हिक्टोरियाने राहायला दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात 25 ऑगस्ट 1867 रोजी, आपल्या खुर्चीत बसलेला असतानाच, त्याचे निधन झाले. दफन लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत झाले. त्याच्या सोळा हजार परिच्छेदांच्या वह्या नंतर छापल्या गेल्या. बारा फुटांची ती लाकडी खोली उरली नाही, पण तिच्यासारखी एक खोली आज जवळपास प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहे.